एफएमआरआयचा पहिला डेटासंच: लाल ठिपके तर दिसले, पण ते खरे कशावरून?

खडूफळा

मानसशास्त्रात एमए करतेय. संख्याशास्त्र रिग्रेशनपर्यंत झालंय, मॅटलॅब जेमतेम. कॉलेजात एफएमआरआयचा (मेंदूत रक्तपुरवठा कुठे वाढतो ते दाखवणाऱ्या एमआरआयचा) स्कॅनर असण्याचा प्रश्नच नाही, म्हणून एसपीएम या विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरच्या संकेतस्थळावर फुकट मिळणारा, एकाच व्यक्तीवरचा ध्वनी-प्रयोग उतरवून घेतला आणि मार्गदर्शिकेतली बटणं सांगितलेल्या क्रमाने दाबत गेले. शेवटी दोन्ही कानांच्या वरच्या बाजूला लाल-पिवळे ठिपके उमटले. पण मधल्या एकेका पायरीत नक्की काय झालं, एखादी पायरी चुकली असती तर मला कळलं असतं का, आणि दुसऱ्या डेटावर हेच आकडे चालतील का, यातलं काहीही सांगता येत नाही. जाणकारांनी जरा उकलून सांगावं. आधी ईईजी (डोक्यावर इलेक्ट्रोड लावून मेंदूतले विद्युत सिग्नल मोजणं) शिक असंही काही जण सुचवतात, त्यावरही मत द्या. लॅपटॉप सोळा जीबीचा आहे.

चुंबकसूची

डेटा छान निवडलात. आधी तो घेतलाय कसा ते बघा, कारण पुढचे निम्मे आकडे तिथूनच येतात.

यंत्र २ टेस्लाचं. व्होक्सेल, म्हणजे चित्राचे छोटे घन ठोकळे, ३ मिलिमीटरचे, काप ६४. एक पूर्ण चित्र घ्यायला ६.०५ सेकंद लागतात आणि दर ७ सेकंदांनी नवं चित्र सुरू होतं. हा झाला टीआर. मूळ ९६ चित्रांपैकी सुरुवातीची १२ टाकून ८४ उरतात. सहा चित्रं शांतता, सहा चित्रं शब्द ऐकणं, परत शांतता, असे ४२-४२ सेकंदांचे गट. सुरुवातीची चित्रं टाकायची पद्धत सगळीकडेच आहे: चुंबकन स्थिर पातळीला येईपर्यंत चित्र जास्त उजळ येतं, आणि हा उतार विश्लेषणात घुसला की पहिला गट उगाच वेगळा दिसतो.

आता मोजतोय काय? पेशींची विद्युत हालचाल यात कुठेच येत नाही. हिमोग्लोबिनमधला ऑक्सिजन गेला की ते पॅराचुंबकीय होतं, आसपासचं चुंबकीय क्षेत्र किंचित बिघडवतं आणि तिथला सिग्नल लवकर विझतो. एखाद्या भागातल्या पेशी कामाला लागल्या की तिथे रक्त गरजेपेक्षा जास्त येतं, ऑक्सिजन नसलेल्या हिमोग्लोबिनचं प्रमाण उलट घटतं आणि चित्र तिथे थोडं उजळतं. सेइजी ओगावा यांनी १९९० मध्ये प्राण्यांवर हे दाखवलं. माणसांवरचे पहिले निबंध १९९२ चे. हे उजळणं किती? ३ टेस्लाच्या यंत्रावर साधारण १ ते २ टक्के, आणि नाजूक प्रयोगांत अर्ध्या टक्क्याहूनही कमी. मेंदूच्या कडेच्या व्होक्सेलमध्ये एक मिलिमीटर हालचाल याच्या कितीतरी पट फरक करते. म्हणून पुढे हालचालीचा एवढा बाऊ होतो, आणि तो रास्त आहे.

वेळेचंही तसंच. आवाज कानावर पडल्यावर सिग्नल ५-६ सेकंदांनी शिखराला पोचतो, मग पातळीच्या खाली जातो आणि पूर्ववत व्हायला २५-३० सेकंद घेतो. पेशींचा खेळ मिलिसेकंदांत आटोपलेला असतो.

तुमच्या डेटात पहिला आणि शेवटचा काप यांत सहा सेकंदांचं अंतर पडतं. मग स्लाइस टायमिंगची दुरुस्ती का सांगितली नाही? एक तर ४२ सेकंदांच्या गटात तेवढं पुढेमागे खपून जातं. शिवाय ७ सेकंदांच्या विरळ नोंदींमधून मधली किंमत अदमासाने भरणं हा इलाज रोगापेक्षा वाईट. टीआर २ सेकंद आणि एकेकट्या घटनांचा प्रयोग असेल तेव्हा ती दुरुस्ती जरूर करा.

कच्चं ईपीआय चित्र (झटपट पद्धतीने घेतलेलं फंक्शनल चित्र) एकदा डोळ्यांनी बघा. कपाळामागचा खालचा भाग (ऑर्बिटोफ्रंटल) आणि कानाच्या नळीवरचा भाग काळवंडलेला किंवा ताणलेला दिसेल. तिथे हवेच्या पोकळ्या आहेत, त्यामुळे चुंबकीय क्षेत्र वाकडं होतं. ताणलेला भाग फील्डमॅपने (क्षेत्र कुठे किती वाकलंय त्याच्या नकाशाने), किंवा उलट्या दिशेने घेतलेल्या दोनचार चित्रांवरून सरळ करता येतो. जिथे सिग्नलच विझला तिथे काही परत येत नाही. ‘ऑर्बिटोफ्रंटलमध्ये काही आढळलं नाही’ असं वाचलं की आधी विचारायचं, तिथे सिग्नल होता का?

रकानेवाला

वरच्या प्रतिसादाला +१. आता पायऱ्या.

रिअलाइनमेंटमध्ये सगळी चित्रं एका चित्रावर बसवली जातात आणि हालचालीची सहा रकान्यांची फाइल मिळते: तीन सरकणं, तीन वळणं. सरकणं मिलिमीटरमध्ये, वळणं रेडियनमध्ये. पडद्यावरच्या आलेखात मात्र एसपीएम वळणं अंशांत दाखवतं. फाइल घेऊन स्वतः आलेख काढला की वळणाच्या रेषा सपाट दिसतात आणि ‘वळलाच नाही’ असं वाटतं. मेंदूची त्रिज्या ५० मिलिमीटर धरली तर ०.०१ रेडियन म्हणजे कडेला अर्धा मिलिमीटर. रेडियनला ५० ने गुणा, मग सहाही रकाने एकाच मापात येतात.

कोरजिस्ट्रेशनमध्ये (दोन प्रकारची चित्रं एकमेकांवर बसवताना) फंक्शनल चित्रांची सरासरी जागेवर ठेवायची (रेफरन्स) आणि रचनात्मक चित्र हलवायचं (सोर्स). उलट केलंत तर फक्त सरासरीचं चित्र सरकतं, बाकीची ८४ जिथल्या तिथे राहतात. मग सगळी ‘अदर इमेजेस’मध्ये घालावी लागतात. ही चूक लाल अक्षरांत कुठे येत नाही. चेक रजिस्ट्रेशनच्या खिडकीत दोन्ही चित्रं शेजारी ठेवून क्रॉसहेअर पार्श्व पोकळीच्या कडेवर, मग मेंदूच्या बाहेरच्या कडेवर न्या. दोन्हीकडे एकाच जागी बसलं तर पुढे चला.

सेगमेंटेशन (करडा भाग, पांढरा भाग, कवटी वेगळं करणं) बिघडण्याचं नेहमीचं कारण सुरुवातीची जागा. चित्राचा शून्यबिंदू अँटिरिअर कमिशरपासून (मेंदूच्या मध्यावरच्या तंतूंच्या लहान पट्ट्यापासून) फार लांब असेल किंवा डोकं भलत्याच कोनात असेल, तर गणित चुकीच्या दरीत उतरतं आणि कवटी करड्या भागात मोजली जाते. डिस्प्लेमध्ये जाऊन शून्यबिंदू हाताने कमिशरपाशी ठेवा आणि ते वळण सगळ्या चित्रांना लावा.

नॉर्मलायझेशनमध्ये (मेंदू प्रमाण साच्यावर बसवताना) व्होक्सेल ३ मिलिमीटरच ठेवा. १ मिलिमीटर केल्याने माहिती वाढत नाही, फाइल मात्र २७ पट होते. स्मूदिंग (शेजारच्या व्होक्सेलांशी सरासरी करून चित्र मऊ करणं) ६ मिलिमीटर एफडब्ल्यूएचएम (वक्राची अर्ध्या उंचीवरची रुंदी), म्हणजे व्होक्सेलच्या दुप्पट. अमिग्डालासारख्या (भावनांशी जोडलेल्या) लहान भागासाठी हेसुद्धा जास्त असतं, शेजारचं त्यात मिसळतं.

आणि डावं-उजवं. एसपीएम डावं डावीकडे दाखवतं, एफएसएल या दुसऱ्या सॉफ्टवेअरचा दर्शक मूळ मांडणीत रेडिओलॉजीच्या रिवाजाप्रमाणे डावं उजवीकडे. एकच फाइल दोन्हीकडे उघडली की आरशातली दिसते. डेटा ठीक असतो, दाखवायची तऱ्हा वेगळी. पडद्यावरचं डावं-उजव्याचं अक्षर बघितल्याशिवाय ‘भाषा डाव्या गोलार्धात’ वगैरे लिहू नका.

शंकासुर

हालचाल किती झाली की डेटा टाकायचा? कोणी ३ मिलिमीटर म्हणतं, कोणी अर्धा.

रकानेवाला

एकूण सरकण्यापेक्षा एका चित्रातून पुढच्यात किती फरक पडला ते महत्त्वाचं. दहा मिनिटांत हळूहळू २ मिलिमीटर घसरलेलं डोकं सावरता येतं. एका टीआरमध्ये बसलेला १ मिलिमीटरचा झटका सावरत नाही, कारण चित्र अर्धं होईपर्यंत डोकं हललं तर कापच एकमेकांशी जुळत नाहीत, आणि रिअलाइनमेंट पूर्ण चित्र एकसंध धरून चालते.

माप म्हणून फ्रेमवाइज डिस्प्लेसमेंट घ्या: सहा रकान्यांतल्या लागोपाठच्या फरकांच्या निरपेक्ष किमतींची बेरीज, वळणं ५० ने गुणून. कामाच्या प्रयोगात ०.५ मिलिमीटर आणि विश्रांतीतल्या कनेक्टिव्हिटीसाठी (भागांमधल्या जोडण्यांसाठी) ०.२ हे नेहमी वापरले जाणारे उंबरठे. दुसरा एवढा कडक का? पॉवर आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखवलं की बारीक हालचालीनेही जवळजवळच्या भागांमधले सहसंबंध फुगतात आणि लांबचे घटतात. लहान मुलं जास्त हलतात, त्यामुळे ‘वयानुसार जोडण्या बदलतात’ या निष्कर्षाचा काही भाग निव्वळ हलण्याचा निघू शकतो.

वाईट चित्र फाइलमधून काढून टाकू नका. वेळेची साखळी तुटते आणि फिल्टर चुकतो. त्या चित्रापुरता १ आणि बाकी ० असा वेगळा रकाना डिझाइन मॅट्रिक्समध्ये (मॉडेलच्या रकान्यांच्या तक्त्यात) घाला. परिणाम तोच, साखळी शाबूत.

दहावीस

स्कॅनरच्या दारातलं कोणी सांगत नाही, ते मी सांगते. मंगळसूत्र आणि बांगड्या सगळ्यांना आठवतात. साडीची किंवा ओढणीची सेफ्टी पिन, केसांतले आकडे, जोडवी हे आत जाईपर्यंत राहून जातं. काजळ-मस्काऱ्यात काही वेळा लोहाचे ऑक्साइड असतात. डोळ्यांपाशी चित्र फाटतं आणि जळजळही होऊ शकते. पेसमेकर, कॉक्लिअर इम्प्लांट, धमनीतली क्लिप, वेल्डिंग-खराद करणाऱ्याच्या डोळ्यात गेलेला कीस, हे सगळं अर्जावर विचारायचं आणि शेवटचा शब्द रेडिओग्राफरचा. दातांच्या तारा बहुधा धोक्याच्या नसतात, पण पुढच्या भागाचं चित्र खातात.

बेरीजवजाबाकी

मॉडेलकडे वळू. रिग्रेशन येतं म्हणालात, मग यात नवं फार थोडं आहे. एका व्होक्सेलचे ८४ आकडे हे तुमचं वाय. एक्समध्ये पहिला रकाना ‘ऐकणं’: शांततेत ०, शब्दांत १. तो तसाच न वापरता रक्तप्रतिसादाच्या वक्राशी कन्व्होल्यूशन करायचा (प्रत्येक १ च्या जागी तो वक्र ठेवून बेरीज करायची), की खांद्यांवर गोलसर झालेली, ५-६ सेकंद मागे सरकलेली लाट मिळते. मग हालचालीचे सहा रकाने आणि शेवटी स्थिरांक. मेंदूतल्या प्रत्येक व्होक्सेलसाठी हेच रिग्रेशन वेगवेगळं चालतं, बस.

आता तुमच्या मार्गदर्शिकेतली ओळ बघा: ऑनसेट (गट सुरू होण्याची वेळ) ६ पासून १२-१२ च्या टप्प्याने ८४ पर्यंत, कालावधी ६, एकक ‘स्कॅन्स’. म्हणजे ६, १८, ३०, ४२, ५४, ६६, ७८, एकूण सात गट. पहिला ऐकण्याचा गट सातव्या चित्रापासून सुरू होतो, मग ६ का? एसपीएम शून्यापासून मोजतं. इथे ७ लिहिलंत तर अख्खं मॉडेल ७ सेकंद पुढे जातं. ठिपके तरीही येतील, कारण ४२ सेकंदांच्या गटात ७ ने सगळं कोसळत नाही. फक्त टी घटेल आणि कारण उमगणार नाही. एकक ‘सेकंद’ निवडून आकडे स्कॅनचे ठेवणं हा याचाच थोरला भाऊ. मग डिझाइन मॅट्रिक्सचं चित्र बघताच कळतं: सात पट्टे सबंध लांबीभर पसरण्याऐवजी वरच्या टोकाला चिकटलेले असतात. एस्टिमेटचं बटण दाबण्याआधी हे चित्र बघायचंच.

हाय-पास फिल्टर मूळ मांडणीत १२८ सेकंद आहे. त्याहून सावकाश चढउतार तो यंत्राचं वाहवणं समजून काढून टाकतो. तुमचं एक आवर्तन, शांतता अधिक ऐकणं, ८४ सेकंदांचं, ते वाचतं. समजा कोणी दोन मिनिटं ध्यान, दोन मिनिटं विश्रांती असा प्रयोग केला, तर आवर्तन २४० सेकंदांचं. मूळ फिल्टर प्रयोगाचा परिणामच गाळून फेकेल आणि ‘ध्यानाचा मेंदूवर परिणाम नाही’ असा शोध लागेल. दुसरी गोष्ट अशी की लागोपाठची चित्रं एकमेकांपासून स्वतंत्र नसतात. एसपीएम त्यासाठी पहिल्या क्रमाचं ऑटोरिग्रेशन वापरतं. टीआर एका सेकंदाखाली गेला की ते पुरत नाही, ‘फास्ट’ हा पर्याय निवडा.

कॉन्ट्रास्ट (कोणत्या रकान्याला किती वजन देऊन तपासायचं ते) तुमच्याकडे एकच: पहिल्या रकान्याला १, बाकी ०. दोन प्रकार असतील, समजा शब्द आणि संगीत, तर १ आणि उणे १. इथे फार जण घसरतात: शब्दांचा नकाशा वेगळा काढतात, संगीताचा वेगळा, एकात ठिपका आहे आणि दुसऱ्यात नाही म्हणून फरक जाहीर करतात. टी ३.२ आणि टी ३.० मधून उंबरठा गेला तरी असंच चित्र दिसतं. फरक सांगायचा तर वजाबाकीचीच चाचणी हवी.

आणि हा सगळा एका माणसाचा निकाल आहे. लोकांबद्दल बोलायचं तर प्रत्येकाचं एकेक कॉन्ट्रास्ट चित्र (टीचा नकाशा नव्हे) दुसऱ्या पातळीवर न्यायचं आणि तिथे वन-सॅम्पल टी. तिथला एन हा माणसांचा. चित्रांची संख्या हजारात असली तरी तिथे उपयोग नाही.

शंकासुर

आणि उंबरठा ०.०५ च ना?

बेरीजवजाबाकी

कवटीच्या आत ३ मिलिमीटरचे ५० हजारांच्या आसपास व्होक्सेल बसतात. प्रत्येकावर ०.०५ लावलंत तर काहीही घडलेलं नसताना अडीच हजार ‘उजळतील’. बेनेट आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये मेलेला सामन मासा स्कॅनरमध्ये ठेवून त्याला माणसांच्या भावनांचे फोटो दाखवले आणि दुरुस्ती न करता त्याच्या मेंदूतही ठिपके मिळवले. २०१२ चं इग नोबेल (आधी हसवणाऱ्या, मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस) त्यांना मिळालं. दुरुस्ती केली की मासा पुन्हा मेलेलाच.

एफडब्ल्यूई म्हणजे सगळ्या मेंदूत मिळून एकही खोटा ठिपका येण्याची शक्यता ५ टक्क्यांत ठेवणं. एफडीआर म्हणजे दिसलेल्या ठिपक्यांत खोट्यांचा वाटा ५ टक्क्यांत ठेवणं. तुमच्या डेटात एफडब्ल्यूई ०.०५ लावूनही श्रवणभाग ठसठशीत उरतो, कारण परिणाम दांडगा आहे. नाजूक प्रयोगात लोक क्लस्टरकडे वळतात: आधी एका उंबरठ्यावर ठिपके, मग त्यांचा पुंजका पुरेसा मोठा आहे का ते तपासायचं. २०१६ मध्ये एक्लुंड, निकोल्स आणि क्नुट्सन यांनी विश्रांतीतल्या लोकांच्या डेटावर खोटे प्रयोग लादून हे तपासलं. पुंजक्याचा आधीचा उंबरठा ०.०१ ठेवला तर काही मांडण्यांत खोट्या निकालांचं प्रमाण ५ ऐवजी ७० टक्क्यांपर्यंत गेलं. ०.००१ ठेवला तर परिस्थिती बरीच बरी. पर्म्युटेशन चाचणी, म्हणजे लेबलं हजारो वेळा उलटसुलट करून वाटप डेटातूनच काढणं, सर्वांत भरवशाची ठरली. एफएसएलमध्ये त्यासाठी ‘रँडमाइज’ आहे, एसपीएमला एसएनपीएम जोडता येतं. ५,००० फेऱ्या ठेवा, लॅपटॉप रात्रभर चालू द्या.

पुंजका टिकला याचा अर्थ ‘या पुंजक्यात कुठेतरी परिणाम आहे’ एवढाच. तो चार भागांवर पसरला असेल तर चौघांची नावं निष्कर्षात लिहायची नाहीत. आणि नकाशा बघून मग ‘आम्हाला आधीपासून इथेच अपेक्षा होती’ म्हणत स्मॉल व्हॉल्यूम करेक्शन (फक्त त्या लहान भागापुरती दुरुस्ती) लावणं ही चोरी आहे, कितीही जण करत असले तरी.

शंकासुर

एवढ्या ठिकाणी निवड करायची असेल तर दोन प्रयोगशाळांचा निकाल एक कसा येणार?

चुंबकसूची

हे तपासून झालंय. २०२० मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या एका अभ्यासात १०८ लोकांचा एकच डेटा ७० गटांना दिला, तपासायची गृहीतकं ९. दोन गटांची कार्यपद्धती तंतोतंत सारखी नव्हती आणि अर्ध्याअधिक गृहीतकांवर हो-नाहीचं एकमत झालं नाही. पण उंबरठा लावण्याआधीचे नकाशे बऱ्याच गटांचे एकमेकांशी जुळत होते. म्हणून उंबरठ्याशिवायचा नकाशाही जोडत जा, आणि डेटा उघडण्याआधी पायऱ्या लिहून नोंदवून ठेवा.

त्याहून मोठा खड्डा अर्थ लावताना आहे. ‘भीती वाटली की अमिग्डाला उजळतो, इथे अमिग्डाला उजळला, सबब भीती वाटली.’ अमिग्डाला नवलाईने, आनंदाने, नुसत्या चेहऱ्यानेही उजळतो. रसेल पोल्ड्रॅक यांनी २००६ मध्ये या उलट्या अनुमानाचा व्यवस्थित समाचार घेतला आहे. आपल्याकडे हा वाद थेट कोर्टात पोचला: २००८ मध्ये पुण्यातल्या एका खून खटल्यात ईईजीवर आधारलेली ‘ब्रेन मॅपिंग’ चाचणी पुराव्यात धरली गेली. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक या निकालात अशा चाचण्या संमतीशिवाय करता येणार नाहीत असं स्पष्ट केलं. संमतीचा प्रश्न सुटला. ओळखीचा सिग्नल म्हणजे गुन्ह्यातला अनुभव, ही उडी विज्ञान म्हणून तेवढीच लंगडी आहे.

दहावीस

ईईजीबद्दल विचारलं होतं. माझं मत: हाताने डेटा घ्यायची संधी असेल तर ईईजी आधी, नसेल तर जे हातात आहे तेच पुढे न्या. ईईजी मिलिसेकंद सांगतं, जागा अंधुक सांगतं.

टोपी १०-२० पद्धतीची (इलेक्ट्रोडच्या ठरलेल्या जागांची), साध्या इलेक्ट्रोडला रोध ५ किलो-ओहमच्या आत आणायचा. इथे आपला खास शत्रू म्हणजे खोबरेल. तेल लावलेल्या डोक्यावर जेल कितीही ओता, रोध उतरत नाही आणि घासून घासून टाळू लाल होते. आदल्या रात्री शांपू, कंडिशनर नाही, तेल नाही, केस पूर्ण वाळलेले, असं बोलावतानाच सांगायचं. नोंद सेकंदाला ५०० किंवा १,००० नमुन्यांनी. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे परदेशी स्क्रिप्टमध्ये नॉच फिल्टर (एकच वारंवारता गाळणारा) ६० वर असेल तर तो बदला. ६० वर ठेवलेला फिल्टर आपला गुणगुणाट तसाच ठेवतो.

सुरुवातीचा प्रयोग म्हणून ऑडबॉल घ्या: ८० टक्के एक स्वर, २० टक्के दुसरा, दुसरा आला की मोजायचा. पॅरायटल मध्यरेषेवर (डोक्याच्या वरच्या-मागच्या भागात) साधारण ३०० मिलिसेकंदांनंतर पी३०० ही लाट दिसते. सरासरीला दुर्मीळ स्वराच्या निदान ३०-४० स्वच्छ फेऱ्या हव्यात. बेसलाइन उणे २०० ते ० मिलिसेकंद.

फिल्टरमध्ये एक मेख आहे. पापण्यांची उघडझाप काढायला आयसीए (मिसळलेले सिग्नल वेगळे करणारी पद्धत) वापरतात आणि ते १ हर्ट्झ हाय-पास केलेल्या डेटावर चांगलं चालतं. पण तोच डेटा पुढे नेलात तर पी३०० सारखी सावकाश लाट चपटी होते आणि तिच्या आधी नसलेला उलटा खड्डा तयार होतो. म्हणून दोन प्रती करा. १ हर्ट्झच्या प्रतीवर आयसीए, त्यातून मिळालेलं वजन ०.१ हर्ट्झच्या प्रतीला लावा. ईईजीलॅब आणि एमएनई-पायथन दोन्हीत जमतं, दोन्ही फुकट.

पायथनप्रेमी

एसपीएमचा डेटा पचला की हॅक्सबी या संशोधकांचा २००१ चा घ्या. सहा माणसं, आठ प्रकारची चित्रं (चेहरे, घरं, मांजरं, बाटल्या, कात्र्या, बूट, खुर्च्या आणि विस्कटलेले तुकडे), बहुतेकांच्या बारा फेऱ्या, टीआर २.५ सेकंद. नायलर्नमध्ये (पायथनमधलं मेंदूचित्रांचं साधन) एका ओळीत उतरतो, सांगितलं नाही तर दुसऱ्या क्रमांकाचा माणूस येतो, आणि व्हेंट्रल टेम्पोरल भागाचा (वस्तू ओळखण्याशी संबंधित भागाचा) मास्क सोबतच मिळतो.

इथे प्रश्न उलटा: त्या भागातला व्होक्सेलांचा साचा बघून माणूस काय बघत होता ते ओळखता येतं का? आठ प्रकार, म्हणजे निव्वळ नशीब १२.५ टक्के. अडचण प्रशिक्षण आणि चाचणीचा डेटा वेगळा करण्यात आहे. २४ सेकंदांच्या एका गटातली आठ-नऊ चित्रं जवळजवळ जुळी असतात. सगळी चित्रं पिसून ८०-२० वाटली तर परीक्षेतल्या चित्राचं जुळं भावंड अभ्यासात आलेलं असतं आणि अचूकता गगनाला भिडते. नेहमी एक पूर्ण फेरी बाहेर ठेवा, अकरावर शिकवा, बाराव्यावर तपासा, असं बारा वेळा. व्होक्सेल निवडणंही त्या अकरांतच. सगळ्या डेटावर ‘उपयोगी’ व्होक्सेल निवडून मग क्रॉस-व्हॅलिडेशन केलं तर यादृच्छिक आकड्यांतूनही निकाल निघतो.

स्वतःचे डायकॉम (स्कॅनरच्या मूळ फाइली) हाती आले की डीसीएमटूनिक्सने रूपांतर, बिड्स मांडणी (फाइलींची ठरलेली नावं-घडण), व्हॅलिडेटर, मग एफएमआरआयप्रेप (सुरुवातीच्या पायऱ्या आपोआप करणारं साधन). त्यातल्या खाचा: फ्रीसर्फरची (मेंदूचा पृष्ठभाग बांधणाऱ्या सॉफ्टवेअरची) परवाना-फाइल लागते, ती फुकट मिळते. पृष्ठभाग बांधायला एका माणसामागे कित्येक तास जातात. पहिल्या फेरीला तो भाग बंद ठेवा. डॉकरला (ज्यात एफएमआरआयप्रेप चालतं त्या आवरणाला) ठरवून दिलेली मेमरी कमी पडली की १३७ हा कोड देऊन गुपचूप मरतं, म्हणून सोळापैकी निदान दहा-बारा जीबी द्या आणि ब्राउझर बंद करा.

आणि ते काय करत नाही हे पक्कं लक्षात ठेवा: स्मूदिंग करत नाही, हालचालीचा परिणाम डेटातून काढत नाही. कन्फाउंड्सची (नको असलेल्या परिणामांची) मोठी फाइल हाती देतं, निवड तुमची. शेकडो रकाने सगळे घालू नका, स्वातंत्र्यांश संपतात. हालचालीचे सहा, त्यांचे फरक, आणि ए-कॉम्पकॉरचे (मेंदूतल्या पांढऱ्या भागातून आणि द्रवातून काढलेले गोंगाटाचे घटक) पाच-सहा बहुतेकदा पुरतात. कॉम्पकॉर घेतलंत तर सोबतचे कोसाइन रकानेही घ्या, कारण ते घटक फिल्टर झालेल्या डेटावर काढलेले असतात. फरकाच्या रकान्यांत पहिली ओळ रिकामी असते, ती ० केली नाही तर रिग्रेशन तिथेच आडवं पडतं. स्लाइस टायमिंग लावलं असेल तर एफएमआरआयप्रेप सगळं टीआरच्या मध्यावर आणतं, नायलर्नचं मॉडेल मात्र सुरुवातीपासून मोजतं. स्लाइस टाइम रेफरन्स ०.५ दिलं नाही तर मॉडेल अर्ध्या टीआरने चुकतं आणि कोणी ओरडत नाही.

डेटा कुठेही चढवण्याआधी रचनात्मक चित्रातला चेहरा पुसा, पायडीफेस आहे. चेहरा पुसायच्या आधीची प्रत वेगळ्या, बंद जागी.

बालबोध

छान धागा, वाखूण साठवली. एक शंका: साचा माँट्रियलच्या लोकांचा, मग भारतीय मेंदू त्यावर नीट बसतो का?

चुंबकसूची

एमएनआय१५२ हा माँट्रियलचा साचा १५२ तरुण प्रौढांच्या चित्रांची सरासरी आहे. त्याआधीचा तालायराक् ॲटलास तर साठीच्या एकाच बाईंच्या मेंदूवरून काढलेला. २०१९ मध्ये आयआयआयटी हैदराबादमधून शंभर चित्रांवरचा भारतीय साचाही आला. त्यात सरासरी भारतीय मेंदू आकाराने थोडा लहान निघतो. नॉन-लिनिअर नॉर्मलायझेशन आकारातला फरक बऱ्यापैकी सांभाळून घेतं, त्यामुळे निरोगी प्रौढांच्या फंक्शनल कामात फार अडत नाही. आकारमान मोजायचं असेल, लहान मुलं किंवा वृद्ध असतील, तेव्हा साच्याची निवड निकालात उतरते. गट तुलनेत दोन्ही गटांना एकच साचा, हे मात्र कधी सोडू नका.

खडूफळा

सगळ्यांचे मनापासून आभार. वर सांगितल्याप्रमाणे एकेक पायरी परत केली. आता उंबरठा मुद्दाम दुरुस्तीशिवायच्या ०.००१ वर आणला तर श्रवणभागाखेरीज मेंदूच्या पुढच्या कडेला एक बारीक चंद्रकोर दिसते. हे खरं असू शकतं का?

चुंबकसूची

चंद्रकोर कवटीच्या कडेला समांतर आहे, म्हणजे पहिला संशय हालचालीवर. उणे १ चा कॉन्ट्रास्ट लावा. मागच्या कडेला तशीच दुसरी कोर आली तर डोकं शब्दांच्या गटात पुढे-मागे सरकत होतं. एका कडेला ऊतक व्होक्सेलमध्ये आलं, दुसऱ्या कडेचं बाहेर गेलं.

मग हालचालीचे सहा रकाने मॉडेलमध्ये आहेत का ते बघा. मार्गदर्शिकेतल्या साध्या मांडणीत ते नसतात. ‘मल्टिपल रिग्रेसर्स’मध्ये ती फाइल द्यावी लागते. घातल्यावर कोर विझली आणि श्रवणभागाचा टी जेमतेम हलला, तर काम झालं. श्रवणभागाचाही टी धाडकन पडला, तर डिझाइन ऑर्थोगोनॅलिटीची खिडकी उघडा. ‘ऐकणं’ आणि हालचालीचा एखादा रकाना यांचा चौकोन पांढरा असेल तर दोन्ही स्वतंत्र आहेत. जितका काळपट, तितके ते एकमेकांत गुंतलेले, आणि काळ्या चौकोनाच्या बाबतीत कुठला वाटा कोणाचा हे कुठलंही सॉफ्टवेअर सांगू शकत नाही.